बी विंग, नंबर सहा

शिक्का करून घ्यायला आप्पा बळवंत चौकात गेले
तर शिक्केवाले म्हणाले, लेबल कसलं? लोणच्याचं?
म्हटलं, तबकड्यांचं.
त्यांनी चष्मा कपाळावर नेला
आणि चुकीच्या स्टॉपवर उतरलेल्या बाईकडे बघावं
तसं बघितलं.
मग रबरावर उलटी अक्षरं कोरली: बी विंग.
दीडशे रुपये. सुटे द्या.

बी विंग म्हणजे आमचीच, वारज्यातली.
खाली पार्किंग, पार्किंगमध्ये पाण्याचा पंप,
पंपाशेजारी, सोसायटीच्या सभेत
दोनदा विषय होऊन गेलेला, आमचा स्पीकर.

नंबर सहा मे महिन्यात आला.
दोनशे प्रती. कस्टममध्ये एकोणीस दिवस.

ए बाजू उज्ज्वल गायसमुद्रेची.
तो चाकणला बेअरिंगच्या कंपनीत, दुसरी पाळी.
सगळे विचारतात, मशीनचा आवाज घेतलास ना?
तो म्हणतो, आठ तास ऐकतो तेवढा पुरे.
त्यानं घेतलंय मशीन बंद झाल्यावरचं:
छताचे पत्रे गार होतात, कुणीतरी डबा उघडतो,
पुन्हा लावतो.
त्याच्याखाली सात मिनिटं
न थकणारा एक ठोका.

बी बाजू शबनम तांबोळीची.
चार मिनिटं ती हाय-हॅट येऊच देत नाही.
आता येईल, आता येईल म्हणून माणूस थांबतो,
नाना पेठेत पहाटे नळापुढे थांबतात तसा,
बादली रिकामी, कान पाइपात.
आधी नुसती हवा येते. फुर्र.
मग

(हे मला लिहिता येत नाही.
म्हणूनच तर तबकडी काढली.)

प्रकाशन पर्वतीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये,
बंद पडलेल्या स्क्रीन प्रिंटिंगच्या गाळ्यात.
शाल नाही, नारळ नाही, मनोगत नाही.
एकतीस माणसं, त्यांतले चार शबनमचे मामेभाऊ,
जे हाताची घडी घालून भिंतीला टेकले
आणि नवाच्या सुमारास
आधी एकाची टाच सुटली.
दहाला बंद केलं. दहा म्हणजे दहा.
पण कुणी लगेच निघालं नाही.
वाकलेल्या टेबलावरच्या शाईच्या डब्यात
रंग अजून थोडा थरथरत होता,
तो थांबेपर्यंत सगळे बघत राहिले.

एकसष्ट प्रती गेल्या.
एकशे एकोणचाळीस दिवाणात.
दिवाणावर आई झोपते.

गाणारं कोण आहे, तिनं विचारलं.
कुणी नाही.
शब्द?
नाहीत.
मग पैसे घातलेस ते कशावर?
ठोक्यावर, म्हटलं.
ती म्हणाली, बरं. आणि कूस बदलली.

रात्री ऑर्डर आली की तिला उठवावं लागतं.
ती उठते, गादी गुंडाळते, फळी उचलते,
गोधड्या बाजूला करते,
आणि अंधारातच विचारते, चार का सहा?
तिला हातालाच कळतं. चारचा पुठ्ठा जाड आहे,
तेव्हा आमच्याकडे पैसे होते.

परवा बेलग्रेडहून एकाचं पत्र आलं.
तबकडी पोचली, वाजवली, दोन्ही बाजू,
पहाटेपर्यंत, शेजाऱ्यांसह.
फक्त एक विचारायचं होतं:
कव्हर उघडताच जो वास येतो,
पांढरा, टोकदार, थोडा दवाखान्यासारखा,
तो या रिलीजचाच भाग आहे का?
नंबर पाचला नव्हता.

मी आईकडे बघितलं.
ती म्हणाली, कसर लागते. डांबरगोळ्या टाकल्यात.
म्हटलं, अगं, प्लॅस्टिकला कसर लागत नाही.
म्हणाली, तुला काय माहीत.

उज्ज्वलचा नंबर सातचा पहिला खर्डा आलाय.
नऊ मिनिटं वीस सेकंद. अजून ऐकला नाही.
आईनं मात्र दिवाणात
जागा करून ठेवली आहे,
तिच्या दोन जुन्या पैठण्या काढून.